कातकामासाठी कॅलिपर कुठला घ्यायचा? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात घरच्या छोट्या लेथबद्दल, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या मशीनबद्दल लिहिलं आणि जी पत्रं आली ती निम्मी मापाबद्दलच, म्हणजे जाडी मोजायच्या कॅलिपरबद्दल. त्यातले चार प्रश्न घेतोय.

प्रश्न (डोंबिवली): रिटायर झाल्यावर गॅलरीत छोटा वूड लेथ बसवलाय. सागवानात चौरंगाचे चार पाय करतोय. ऑनलाइन डिजिटल व्हर्निअर (सरकत्या जबड्यांचा, आकडा दाखवणारा कॅलिपर) मागवला, दर वेळी मोजतो, तरी चारही पाय वेगळे दिसतात. कॅलिपर बदलू का? आणि मशीन चालू असताना माप घेतलं तर चालतं का, व्हिडिओत तर सगळे घेतात.

उत्तर: काका, व्हर्निअर ठेवा पण या कामासाठी तो बाजूला ठेवा. तुम्हाला पायाची जाडी ३८.४६ आहे की ३८.५२ हे कळून काय करायचंय, तुम्हाला चारही पाय सारखे हवेत, आणि त्यासाठी आकडा लागत नाही, एकदा सेट करून न हलणारी फट लागते. म्हणजे साधा स्प्रिंगवाला आउटसाइड कॅलिपर, वाकड्या पायांचा, नट फिरवून उघडायचा. माझं मत विचाराल तर एक महागडा घेण्यापेक्षा साधे तीन घ्या. चौरंगाच्या पायाला साधारण तीन मापं महत्त्वाची असतात, जाड गोळा, मधली बारीक मान आणि खालचा घोट. प्रत्येकाला एकेक कॅलिपर लावून ठेवला, वर रंगीत टेप गुंडाळली, की चौथा पाय होईपर्यंत नटला हात लावायचा नाही. एकच कॅलिपर सारखा उघड-बंद केला की दर वेळी थोडा फरक पडतो आणि तो फरक पायावर उतरतो.

आता वापरायचं कसं. कॅलिपर शेवटच्या मापापेक्षा साधारण १ मिमी जास्त उघडा, कारण नंतर गाऊज (गोल धारेची पटाशी) फिरणार आणि पॉलिश पेपरही थोडं खाणार. खुणेवर पार्टिंग टूलने (अरुंद पटाशीने) खाच पाडायची, मशीन थांबवायची, कॅलिपर वरून खाचेत सोडायचा. तो स्वतःच्या वजनाने, किंचित अडखळत खाली उतरला की माप झालं. अडकला तर अजून थोडं कातायचं. सगळ्यात जास्त गडबड इथेच होते, लोक कॅलिपर दाबतात. दाबला की त्याचे पाय फाकतात, तो उतरतो आणि आपल्याला वाटतं झालं, पण लाकूड अजून जाडच असतं. पुढच्या पायाला हात जरा हलका पडला की तो बारीक होतो. तुमचे चार पाय वेगळे होण्यामागे हे एक कारण असू शकतं.

दुसरं कारण जाडीचं नसेलच कदाचित. चौरंगाचे पाय चार कोपऱ्यांत लांब लांब असतात, अर्ध्या मिमीचा जाडीतला फरक कुणाला दिसत नाही, पण एका पायाची मान दुसऱ्यापेक्षा सूतभर वर असली की पाहुणासुद्धा बोट दाखवतो. (आपले मिस्त्री अजून सुतातच बोलतात, ८ सूत म्हणजे १ इंच, त्यामुळे एक सूत झालं ३ मिमीच्या थोडं वर.) म्हणून प्लायची एक पातळ पट्टी घ्या, पायाच्या लांबीची, तिच्या कडेवर प्रत्येक खाचेची खूण करा आणि तीच पट्टी चारही लाकडांना लावून पेन्सिल टेकवा. प्रत्येक पायाला टेपने नव्याने मोजायचं नाही.

आणि फिरत्या लाकडाचं. ६० मिमीचा पाय १२०० आरपीएमवर फिरतो तेव्हा त्याचा पृष्ठभाग सेकंदाला पावणेचार मीटर धावत असतो. व्हर्निअरचे जबडे टोकदार, ते एका बाजूने जरी अडकले तरी हातातून हिसकून तोंडाकडे येतात. व्हिडिओतले लोक स्प्रिंग कॅलिपर लावतात, त्याची टोकं फाइलने गोल केलेली असतात, लाकूड आधी पूर्ण गोल झालेलं असतं आणि त्यांचा हात वर्षानुवर्षं बसलेला असतो. तुम्ही मशीन बंद करूनच मोजा, वेळ फार जात नाही. चौकोनी ठोकळा अजून टकटक वाजतोय तोवर तर काहीही जवळ न्यायचं नाही.

व्हर्निअर लागतो कुठे तर जिथे पाय पाटाच्या भोकात बसणार तिथे. भोक २५ मिमीच्या बिटने पाडलं असेल तर पायाची दांडी २५ला अगदी थोडी कमी हवी. तिथे आकड्याला अर्थ आहे. तरी भरवसा आकड्यावर टाकू नका, त्याच बिटने टाकाऊ फळीत एक भोक पाडून ठेवा आणि दांडी त्यात घालून बघा. काही कातारी त्या मापाचा डबल पानाच दांडीवर सरकवतात, झकास चालतं, फक्त पान्याचं तोंड लिहिलेल्या मापापेक्षा केसभर मोठं असतं हे लक्षात ठेवायचं.

प्रश्न (गिरगाव): मस्जिद बंदरला जाऊन दुकानात हाताळूनच कॅलिपर घ्यायचा विचार आहे. काय बघून घ्यायचं?

उत्तर: अगदी बरोबर विचार, नागदेवी स्ट्रीटला जा, हत्यारांची दुकानं एकाला एक लागून आहेत, दोन-चार ठिकाणी हातात घेऊन बघा. पूर्ण बंद करून उजेडासमोर धरा, दोन्ही टोकं समोरासमोर भेटली पाहिजेत, एक पुढे एक मागे असेल तर परत द्या. मग थोडा उघडून पाय आडवे हलवा, जोडात खुळखुळ नको. नट एका बोटाने फिरला पाहिजे. ६ इंची आउटसाइड आणि ६ इंची इनसाइड (भोकाचं आतलं माप घेणारा), सुरुवातीला एवढं पुरे, वाट्या-बाऊलकडे वळलात की ८ इंची बघू. स्प्रिंग नसलेला, नुसत्या घट्ट जोडावर चालणारा प्रकारही मिळतो, स्वस्त असतो, पण धक्का लागला की माप गेलं. मिटुटोयो कंपनीचा व्हर्निअर उत्तमच असतो, प्रश्नच नाही, पण तो लोखंडकाम करणाऱ्याने घ्यावा, लाकडासाठी एवढा खर्च मला पटत नाही. चोरबाजारात जुने कॅलिपर कधीकधी फार चांगले मिळतात, फक्त टोकं झिजलेली आहेत का ते बघा. आणि कुठलाही घेतलात तरी घरी आणल्यावर टोकांच्या कडा बारीक फाइलने गोल करून घ्या, नाहीतर लाकडावर ओरखडे उठतात.

प्रश्न (वसई): बाऊलच्या भिंतीची जाडी मोजायची कशी? काठावर कळते, खाली पोटात कळत नाही.

उत्तर: इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दुतोंडी कॅलिपर येतो, एक तोंड भिंतीला लावलं की दुसऱ्या तोंडात तेवढीच फट उघडते, ती पट्टीने मोजायची. घेताना एका तोंडात पाच रुपयांचं नाणं धरा, दुसऱ्या तोंडात तेच नाणं बरोबर बसलं तर वस्तू खरी. पैसे घालवायचे नसतील तर जाड जीआय तार यू आकारात वाकवा आणि दोन टोकांत हव्या त्या जाडीपेक्षा २-३ मिमी जास्त अंतर ठेवा. एक टोक आतून टेकवलं की बाहेर किती फट उरते ते डोळ्याला दिसतं, आणि काठापासून बुडापर्यंत फट सारखी राहिली म्हणजे भिंत सारखी. मशीन अर्थातच बंद.

प्रश्न (ठाणे): सागवानाची झाकणवाली डबी उन्हाळ्यात केली, ८० मिमीची, डिजिटलवर पॉइंट वनपर्यंत जुळवली. जुलैत झाकण निघेना. माप चुकलं की कॅलिपर खोटा?

उत्तर: दोन्ही नाही, पावसाळा आला. लाकूड ओल पितं आणि फुगतं, तेही सगळीकडे सारखं नाही. ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत सागवान वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्यातून सालीकडे सुमारे २.५ टक्के आटतं. पावसात ओल परत चार टक्क्यांनी वाढली तरी ८० मिमीची डबी एका दिशेने अर्ध्या मिमीहून जास्त फुगते, दुसरीकडे साधारण पाव मिमी. म्हणजे तुमची गोल डबी आता किंचित लंबगोल आहे. व्हर्निअर लावून बघा, एकदा आणि मग काटकोनात फिरवून परत, फरक दिसेल. झाकण आणि डबी एकाच ठोकळ्यातून काढली असेल तर दोन्हींच्या लाकडाच्या रेषा जुळवून बसवा, निम्मा त्रास जातो. पुढच्या वेळी आधी जाडसर कातून घरातच काही आठवडे पडू द्या, मग शेवटचं माप, आणि झाकण थोडं ढिलंच ठेवा. मुंबईत घट्ट झाकण म्हणजे वर्षातले चार महिने भांडण.

जाता जाता, डिजिटल वापरणाऱ्यांसाठी: बरेच स्वस्त डिजिटल बंद केल्यावरही सेल खात राहतात, त्यामुळे काम झालं की सेल काढून ठेवा. स्टीलचे कॅलिपर पावसाळ्यात मशीन ऑइलचा हात फिरवून ठेवा, आणि वापरायच्या आधी तेल पुसून घ्या, नाहीतर त्याचा डाग सागवानावर बसतो आणि पॉलिश धरत नाही.