कोणते अ‍ॅप, कशी कार्डे? फ्लॅशकार्डविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : परीक्षेला दहा महिने आहेत. क्विझलेट, अँकी, ब्रेनस्केप अशी तीन-चार अ‍ॅप उघडून पाहिली. सगळीकडे तेच : पुढे प्रश्न, मागे उत्तर. मग निवडायचे कशावरून?

कार्ड उलटणे सगळीकडे सारखेच. खरा फरक असतो तो हे कार्ड पुन्हा कधी समोर येणार, ते कोण ठरवते यात. त्यामुळे अ‍ॅप पाहण्याआधी स्वतःला विचारा : हे मला कधीपर्यंत लक्षात ठेवायचे आहे?

चाचणी पुढच्या आठवड्यात असेल तर क्विझलेट पुरे. संच पाच मिनिटांत तयार होतो, मित्रांना दुवा पाठवता येतो, जोड्या लावण्यासारखे खेळ आहेत. मात्र मोफत खात्यात 'लर्न' आणि 'टेस्ट' हे प्रकार मर्यादितच वापरता येतात, ते आधी तपासून घ्या. ब्रेनस्केपमध्ये प्रत्येक कार्डाला 1 ते 5 असा 'किती येते' याचा आकडा द्यायचा. कमी आकड्याची कार्डे वारंवार येतात. वापरायला सोपे आहे, पण आपल्याला येते असे वाटणे आणि खरोखर येणे यांत अंतर असते, आणि इथे भिस्त सगळी त्या वाटण्यावर आहे.

दहा महिन्यांसाठी आमचे मत अँकीच्या बाजूने आहे. 2006 पासून चालत आलेला हा प्रोग्राम संगणकावर आणि अँड्रॉइडवर (तिथे नाव अँकीड्रॉइड) मोफत आहे. आयफोनवरचे अँकीमोबाइल एकदाच पैसे देऊन घ्यावे लागते. नावात 'अँकी' असलेली भलतीच अ‍ॅपही दुकानात दिसतात, म्हणून नाव नीट वाचून घ्या. कार्ड पुन्हा कधी दाखवायचे याचे अँकीचे जुने गणित पोलिश संशोधक प्योत्र वोझ्नियाक यांच्या 1987 च्या एसएम-2 पद्धतीवर बेतलेले आहे. 2023 पासून एफएसआरएस नावाची नवी पद्धत डेकच्या (म्हणजे कार्डांच्या संचाच्या) सेटिंगमध्ये आली. ती तुमच्या आधीच्या उत्तरांवरून अंदाज बांधते आणि आठवण्याची शक्यता ठरलेल्या पातळीपर्यंत, मुळात 90 टक्क्यांपर्यंत, उतरली की कार्ड पुढे करते. ती सुरू करा. टक्केवारी मात्र 97-98 वर नेऊ नका. वरचे ते सात-आठ टक्के मिळवायला रोजची कार्डे कितीतरी पटींनी वाढतात.

अँकीचा तोटा सांगायचा तर पहिले दोन दिवस ते रुक्ष आणि किचकट वाटते. ते खरेच तसे आहे.

प्रश्न : अँकीत अगेन, हार्ड, गुड, ईझी ही चार बटणे आहेत. उत्तर अर्धवट आठवले तर कोणते दाबायचे?

आठवले नाही, तर अगेन. अर्धवट आठवले आणि राहिलेला भाग महत्त्वाचा असेल, तरीही अगेन. हार्ड म्हणजे 'आठवले, पण घाम फुटला'. विसरलेल्या कार्डाला हार्ड देणे ही सगळ्यात महागात पडणारी सवय आहे : हार्ड हे अ‍ॅपच्या लेखी बरोबर उत्तर असते, त्यामुळे न आलेले कार्ड आणखी लांब ढकलले जाते आणि एफएसआरएसचा अंदाजही बिघडतो. गोंधळ होत असेल तर सरळ दोनच बटणे वापरा, अगेन आणि गुड. काही बिघडत नाही.

प्रश्न : रोज 20 नवी कार्डे घेत होते. मध्ये तीन आठवडे खंड पडला. आता 900 कार्डे साचली आहेत. डेक पुसून पहिल्यापासून सुरू करू का?

मुळीच नको. पुसलात तर आधीच्या उजळणीची सगळी नोंद जाईल. शिवाय साचलेल्यांतले बरेचसे तुम्हाला अजून येत असेल. उशिरा पाहूनही आठवलेल्या कार्डाला अ‍ॅप त्या उशिराचे श्रेय देते आणि पुढचे अंतर आणखी वाढवते. म्हणजे ढीग दिसतो तितका भयंकर नसतो.

डेकच्या सेटिंगमध्ये नवी कार्डे शून्यावर आणा. रोजच्या उजळणीची मर्यादा झेपेल तेवढी ठेवा, समजा 120. एफएसआरएस चालू असेल तर उजळणीच्या क्रमात 'डिसेंडिंग रिट्रीव्हेबिलिटी' निवडा, म्हणजे अजून आठवण्याच्या बेतात असलेली कार्डे आधी हाती येतील. पार विसरलेली मागे राहतात, आणि राहू द्यावीत : त्यांना नव्याने शिकावेच लागणार आहे, आणखी चार दिवसांनी त्यांचे काही बिघडत नाही. आधी शिकलेली 50 कार्डे रोज उजळणीला येऊन ढिगात पडतात असे धरले तर ढीग दिवसाला 70 ने उतरतो, म्हणजे साधारण दोन आठवड्यांत मोकळे व्हाल. तोवर नवे काही घेण्याचा मोह टाळा.

ढीग साचतो तो मुळात आकड्याच्या गैरसमजामुळे. 20 नवी कार्डे म्हणजे दिवसाला 20 कार्डांचे काम नव्हे. काही आठवड्यांनी रोजची उजळणी नव्या कार्डांच्या साधारण सात ते दहा पट होते, म्हणजे 140 ते 200. एका कार्डाला 10 सेकंद धरली तरी अर्ध्या तासाच्या आसपास. 20 मिनिटेच मिळत असतील तर रोज 10 नवी पुरेत. आणि मर्यादा गाठूनही उजळणी शिल्लक असेल तर अँकी नवी कार्डे दाखवतच नाही. 'नवी कार्डे बंद का पडली?' असे विचारणाऱ्यांचे उत्तर बहुधा हेच असते.

प्रश्न : एकच कार्ड दहा वेळा चुकतो. अ‍ॅप बदलून पाहू का?

अ‍ॅप नको, कार्ड बदला. मागच्या बाजूला पाच ओळी असतील तर कोणतेही अ‍ॅप ते डोक्यात बसवू शकणार नाही. 'प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय?' असे कार्ड घ्या. तीन मुद्दे आठवतात, दोन राहतात, आणि अगेन दाबावे की गुड याचा निर्णय रोज वेगळा लागतो. त्याचे तुकडे करा. 'प्रकाशसंश्लेषणात बाहेर पडणारा ऑक्सिजन कोणत्या रेणूतून येतो?' उत्तर : पाण्याच्या. 'केल्विन चक्र हरितलवकाच्या कोणत्या भागात घडते?' उत्तर : स्ट्रोमा. 'प्रकाशावर अवलंबून असलेल्या अभिक्रिया कुठे घडतात?' उत्तर : थायलॅकॉइडच्या पटलात. प्रत्येकाचे उत्तर एक, आणि ते बरोबर की चूक याबद्दल शंका नाही.

उजळणीत बसलेले कार्ड नंतर आठ वेळा विसरले की अँकी त्याला 'लीच' (वेळ खाणारे कार्ड) अशी खूण लावते आणि सेटिंग तसे असेल तर बाजूला ठेवते. ती शिक्षा समजू नका, दुरुस्तीची यादी आयती मिळते. बहुतेक वेळा दोन कार्डे एकमेकांसारखी असतात आणि उत्तरांची अदलाबदल होते. अशा वेळी तिसरे कार्ड फक्त फरकाचे करा : 'स्ट्रोमात काय घडते आणि थायलॅकॉइडमध्ये काय?'

आकृत्यांसाठी इमेज ऑक्लुजन वापरा. अँकीच्या नव्या आवृत्त्यांत ते आतच आहे : चित्र टाका, नावांवर चौकोन ओढा, दर चौकोनाचे एक कार्ड होते. एका चित्रावर आठ-दहापेक्षा जास्त झाकण्या नकोत.

प्रश्न : एक्सेलमध्ये 400 मराठी शब्दार्थ लिहून अँकीत आणले. सगळीकडे प्रश्नचिन्हे उमटली!

फाइल साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या मजकुराच्या प्रकारात) साठवली गेली. त्यात देवनागरी टिकत नाही, आणि त्या फाइलमधली अक्षरे परतही येत नाहीत, म्हणून मूळ एक्सेल फाइल जपा. ती पुन्हा उघडून 'सेव्ह अ‍ॅज' मध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-8' हा प्रकार निवडा. मग अँकीत फाइल, इम्पोर्ट. तिथे तीन गोष्टी पाहा : विभाजक स्वल्पविराम आहे ना, पहिला स्तंभ 'फ्रंट'ला आणि दुसरा 'बॅक'ला जोडला आहे ना, आणि डेक बरोबर आहे ना. आधी पाच ओळींची फाइल आणून पाहा, मग 400 ची.

एक खाचखळगा आहे. अँकी कार्ड ओळखते ते पहिल्या रकान्यावरून. 'पात्र' हा शब्द आधीच डेकमध्ये 'भांडे' या अर्थाने असेल आणि आता 'नाटकातली व्यक्ती' म्हणून आणला, तर नवे कार्ड होण्याऐवजी जुन्याचे उत्तर बदलते. पुढच्या बाजूलाच 'पात्र (नाटकात)' असे लिहा.

प्रश्न : आयता डेक उतरवून घ्यावा की कार्डे स्वतः करावीत? आणि एआयने केलेली?

परकी भाषा शिकताना नेहमीचे दोन-तीन हजार शब्द हवे असतील तर आयता डेक चालतो. समजून घ्यायचे विषय असतील तर स्वतः करा. कार्ड करताना मुद्दा फोडावा लागतो आणि तिथेच निम्मा अभ्यास होतो. एआयची कार्डे व्याकरणाने सुबक असतात, पण धड्यातले बिनमहत्त्वाचे वाक्यही ती प्रश्न करून मांडतात, कधी उत्तरही चुकवतात. चूक कार्डातून आत गेली की उजळणीने ती पक्की होते. शंभर मागवा, वाचून तीस ठेवा.

प्रश्न : फोन आणि संगणक जोडताना 'अपलोड की डाउनलोड' असे विचारले. चुकीचे दाबले तर?

एका बाजूची कार्डे जातील. पहिल्या जोडणीत दोन्हीकडे कार्डे असतील तर अँकी त्यांची बेरीज करत नाही. एक बाजू ठेवते, दुसरी पुसते. म्हणून आधी दोन्हीकडून डेक निर्यात करा आणि निर्यात करताना 'मीडिया समाविष्ट करा' ही खूण टिचकवा. अँकीच्या आपोआप होणाऱ्या बॅकअपमध्ये चित्रे आणि आवाज नसतात. मग ज्या यंत्रात कार्डे जास्त आहेत तिथून अपलोड, दुसऱ्यावर डाउनलोड, आणि राहिलेली कार्डे निर्यात केलेल्या फाइलमधून आत घ्या.