दाते, आटे आणि मिलिमीटर : फिक्स्ड गिअर सायकलीबद्दल वाचकांचे प्रश्न

फिक्स्ड गिअर म्हणजे मागच्या चाकाला फ्रीव्हील नसलेली सायकल. चाक फिरलं की पायडल फिरणारच. ट्रॅकवरच्या शर्यतीच्या सायकली अशाच असतात. या विषयावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : हाताशी असलेल्या सायकलीला कुठला पार्ट बसेल? पत्रं थोडी छाटून घेतली आहेत.

प्रश्न : घरात वडिलांची २८ नंबरची काळी सायकल आहे. आमच्या गल्लीतले मिस्त्री म्हणतात, "फ्रीव्हीलला आतून वेल्डिंग मारतो, झाली तुमची फिक्स्ड." करून घेऊ का? (एक वाचक, मिरज)

नको. वेल्डिंग कितीही पक्कं झालं तरी नको, कारण खरी अडचण त्याच्या खालच्या आट्यांत आहे.

फ्रीव्हील हबवर उजव्या आट्यांनी बसतं : व्यास १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे. पुढे पायडल मारलं की ते आणखी आवळलं जातं. म्हणूनच जुनं फ्रीव्हील काढताना ते व्हाइसमध्ये धरून अख्खं चाक फिरवावं लागतं. फिक्स्ड सायकलवर मात्र वेग कमी करायला आपण पायडल मागे रेटतो, आणि तो जोर नेमका आटे सोडवणाऱ्या दिशेने लागतो. वेल्ड केलेलं फ्रीव्हील एखाद्या उतारावर सुटायला लागतं. आधी पाय मोकळा गेल्यासारखा वाटतो, मग चेन बाजूला सरकते, आणि ती हब व फ्रेमच्या मध्ये अडकली तर मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. शिवाय आतली कुत्री, म्हणजे ते टिकटिक करणारे खटके, कडक केलेल्या पोलादाची असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने तो कडकपणा बिघडतो आणि सांध्याजवळ तडा जातो.

खऱ्या फिक्स्ड हबला आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. आतल्या मोठ्या पायरीवर, म्हणजे त्याच १.३७ इंच, २४ आट्यांवर, दातेचक्र बसतं. बाहेरची पायरी थोडी लहान, १.२९ इंच, इंचाला २४ आटे, पण उलटे. तिच्यावर लॉकरिंग बसते. दातेचक्र सुटू पाहतं तेव्हा ते लॉकरिंगलाही आपल्याबरोबर फिरवू बघतं. लॉकरिंगचे आटे उलटे असल्यामुळे ती सुटण्याऐवजी आवळते. सगळी सुरक्षितता या एका युक्तीवर उभी आहे.

यावरचा आणखी एक जुगाड ठाऊक असू द्या. बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे फ्रेमच्या तळाशी क्रँकचा एक्सल जिथे फिरतो त्या भागाच्या, डाव्या कपावरची रिंगही १.३७ इंच, २४ आट्यांचीच असते. ती साध्या हबवर सहज चढते आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण तिचे आटे उजवेच. एका नटावर दुसरा नट आवळल्यापलीकडे तिचा उपयोग नाही. आट्यांना चिकटवायचा गमही घाटात भरवशाचा नाही.

सल्ला असा : दोन्ही बाजूंनी आटे असलेला फ्लिप-फ्लॉप हब घ्या. एका बाजूला फिक्स्ड, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. आपल्या बाजारातलं साधं १८ दात्यांचं फ्रीव्हील दुसऱ्या बाजूवर बसतं. हब सेकंडहँड असेल तर लॉकरिंग त्याच्याबरोबरच मागा. जुन्या इटालियन कॅम्पाग्नोलो हबची रिंग १.३२ इंचाची असते, ती १.२९ च्या पायरीवर सैल बसते आणि जोर आला की निसटते.

बसवताना आटे रॉकेलने पुसा, ग्रीस लावा आणि दातेचक्र हाताने तीन-चार फेरे फिरवा. हाताने फिरत नसेल तर आटे तिरके धरले आहेत, तिथेच थांबा. ॲल्युमिनियमचा हब पोलादी चक्रापुढे टिकत नाही. मग चेन-व्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या पान्याने) पूर्ण आवळा आणि लॉकरिंग घड्याळाच्या उलट दिशेने हूक पान्याने आवळा. छिन्नी-हातोडीने रिंग ठोकू देऊ नका. मिस्त्री सवयीने घड्याळाच्या दिशेने ठोकतात आणि आवळतोय असं समजून तीच सोडवतात. नंतर एखादा चढ उभ्याने चढा म्हणजे दातेचक्र जागेवर बसेल, आणि घरी येऊन लॉकरिंग पुन्हा आवळा. ती हमखास थोडी फिरते.

प्रश्न : ट्रॅक हब मागवला, पण फ्रेममध्ये बसत नाही. एका जुन्या गिअरच्या फ्रेममध्ये ढिला पडतो, तर काळ्या सायकलीत आतच जात नाही. फ्रेम वाकवून घेऊ का? (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

ट्रॅक हबची रुंदी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लॉकनटांच्या बाहेरच्या तोंडांमधलं अंतर, १२० मिमी असते. सहा-सात गिअरच्या जुन्या रोड फ्रेममध्ये मागे १२६ मिमी जागा असते, नंतरच्या रोड फ्रेममध्ये १३०, डोंगरी आणि हायब्रिड सायकलींत बहुधा १३५. काळ्या सायकलीत ती १२० हून बरीच कमी, साधारण ११० च्या आसपास. व्हर्नियरने आपल्याच फ्रेमचं माप घ्या, ऐकीव आकड्यावर जाऊ नका.

१२६ च्या फ्रेमला हात लावायची गरज नाही. एक्सलवर लॉकनटाच्या आत दोन्हीकडे ३-३ मिमीचे वायसर टाका. एक्सल दोन्ही बाजूंना तेवढा पुरतो ना, हे आधी बघा. फ्रेमच्या बाहेर नट पूर्ण बसायला हवा. जुन्या पोलादी फ्रेमचा डोळा, म्हणजे एक्सल बसतो ती खाच, आडवा असेल तर चेन ताणता येते. उभा डोळा असेल तर चाक मागे-पुढे सरकतच नाही. फिक्स्डला ताणासाठी स्प्रिंगचं डिरेलर (गिअर बदलणारी यंत्रणा) चालत नाही, कारण मागे रेटलं की खालची बाजू ताणली जाते आणि त्याचा हात तुटतो. अशी फ्रेम सोडून द्या.

काळ्या सायकलीची फ्रेम पोलादी, म्हणून ती थोडी उघडता येते. मात्र दोन्ही बाजू सारख्या उघडायला हव्यात, आणि नंतर दोन्ही डोळे एकमेकांना समांतर करून घ्यायला हवेत. समांतर नसतील तर नट आवळताना एक्सल वाकतो आणि काही महिन्यांत आट्यांच्या मुळाशी तुटतो. तिथला मूळ एक्सल ३/८ इंची, म्हणजे साडेनऊ मिमी, आणि ट्रॅकचा १० मिमी. डोळा किंचित कानशीने घासावा लागेल. पत्रा पातळ असतो, हात जपून चालवा. ॲल्युमिनियम किंवा कार्बनची फ्रेम कुणीही कितीही खात्री दिली तरी वाकवायची नाही.

आरे मोजायचे राहून जातात. काळ्या सायकलीच्या मागच्या रिमला सहसा ४० भोकं असतात, तर ट्रॅक हब ३२ किंवा ३६ भोकांचे. जुनी रिम वापरायचा बेत इथेच संपतो.

प्रश्न : रिम "२८" ची, टायरही "२८" चा, तरी टायर चढत नाही. दुकानदार म्हणतो माल बरोबर आहे. (एक वाचक, कुपवाड)

दोघंही खरं बोलताय. काळ्या सायकलीच्या २८ × १½ टायरचा बैठकीचा व्यास ६३५ मिमी, आणि ७००सी रिमचा ६२२. हायब्रिडच्या ७००सी टायरवरही कधीकधी "२८" छापलेलं असतं, त्यातून हा घोळ होतो. १३ मिमीचा फरक टायर लिव्हरने मिटत नाही. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ४०-६३५ किंवा २८-६२२ असे दोन आकडे असतात. त्यातला दुसरा आकडा रिमशी जुळवा, बाकी छापील मजकूर विसरा.

प्रश्न : चेन कुठली घेऊ? काळ्या सायकलीची चालेल का? (एक वाचक, तासगाव)

चालेल. ती १/८ इंच रुंदीची असते, आणि ट्रॅकचे दातेही बहुधा तेवढेच. १/८ ची चेन ३/३२ च्या दात्यांवर चालते, थोडी खडखडते इतकंच. उलटं होत नाही : गिअरच्या सायकलीची ३/३२ ची चेन १/८ च्या दात्यांवर बसतच नाही. जोडाची क्लिप लावताना बंद बाजू चेनच्या धावेच्या दिशेला ठेवा. ताण असा हवा की वरच्या धावेच्या मधोमध चेन साधारण अर्धा इंच वर-खाली हलावी. चेनव्हील सहसा पूर्ण गोल नसतं, म्हणून पायडल फिरवत जिथे ती सर्वांत घट्ट होते तिथे ताण बघा.

प्रश्न : सेकंडहँड जपानी क्रँक मिळाला. बॉटम ब्रॅकेट किती लांबीचा घेऊ? चेन सरळ येत नाही, आवाजही करते. (एक वाचक, मिरज)

लांबी आधी ठरवू नका. आधी चेनलाइन मोजा, म्हणजे फ्रेमच्या मध्यरेषेपासून चेन किती अंतरावर धावते ते. मागची अशी निघते : हबच्या रुंदीचा अर्धा भाग घ्या, त्यातून लॉकनटाच्या तोंडापासून दात्यांच्या मध्यापर्यंतचं अंतर वजा करा. १२० चे ६०, वजा १८, म्हणजे ४२ मिमी. ट्रॅकवर हाच नेहमीचा आकडा. पुढची काढायला सीट ट्यूबच्या पृष्ठभागापासून चेनव्हीलच्या दात्याच्या मध्यापर्यंत मोजा आणि ट्यूबच्या व्यासाचा अर्धा भाग मिळवा, ट्यूब २८.६ मिमीची असेल तर १४.३. दोन्ही आकड्यांत १ मिमीचा फरक चालतो. २ मिमीला चेन बोलायला लागते, आणि त्यापुढे ती पडण्याची भीती असते. फ्रीव्हीलच्या सायकलीवर चेन पडली तर हात काळे होतात. फिक्स्डवर चाक जाम होऊन माणूस पडतो. म्हणून इथे कंजुषी नको.

आता बॉटम ब्रॅकेट. शेलचे आटे बहुतेक फ्रेममध्ये बीएसएचे : १.३७ इंच, २४ आटे, शेल ६८ मिमी रुंद, उजव्या बाजूचे उलटे. इटालियन फ्रेममध्ये ३६ मिमी, शेल ७० मिमी, आणि दोन्ही बाजू सरळ. शेलची रुंदी मोजली की अंदाज येतो, पण खात्री कप हाताने फिरवूनच करा.

चौकोनी टोकाचे एक्सल दोन जातींचे. जेआयएस म्हणजे जपानी, आयएसओ म्हणजे बहुतांशी युरोपी. उतार एकच असला तरी आयएसओचं टोक लहान. जपानी क्रँक आयएसओ एक्सलवर घातला तर तो प्रमाणाबाहेर आत जातो, टोकाला टेकतो आणि मग कितीही आवळा, डुगडुगतच राहतो. उलट जोडी लावली तर क्रँक ४-५ मिमी बाहेर राहतो. पण जपानी म्हणजे जेआयएस असंही धरून चालू नका. काही जपानी ट्रॅक क्रँक आयएसओचे आहेत. जपानमधल्या कीरिन या ट्रॅक शर्यतींसाठी मंजूर झालेल्या पार्टवर एनजेएसचा ठसा असतो. तो दर्जाचा पुरावा खरा, पण तुमच्या फ्रेमला बसण्याची हमी नव्हे.

एक्सल ३ मिमी लांब घेतला तर चेनलाइन दीडच मिमी सरकते, कारण वाढ दोन्हीकडे वाटली जाते. चेन सरळ आणायला दातेचक्रामागे वायसर घालू नका. त्याने लॉकरिंगचे आटे कमी धरतात.

दोन चेनव्हीलचा जुना रोड क्रँक असेल तर एक सोपा मार्ग आहे. चेनव्हील आतल्या जागेवर लावा. बाहेरची जागा साधारण ४६ मिमीवर, आतली ४१ वर पडते. बोल्ट मात्र आखूड, एका चेनव्हीलचे घ्या. चेनव्हील विकत घेताना बोल्टच्या वर्तुळाचा व्यास बघा : ट्रॅकचा जुना १४४ मिमी, रोडचा १३०. १३० वर ३८ दात्यांपेक्षा लहान बसत नाही, १४४ वर ४१ पेक्षा. पुढच्या पत्राला हे उपयोगी आहे.

काळ्या सायकलीचा कॉटर पिनचा क्रँक ठेवायचा असेल तर ठेवा, पण मागे-पुढे दोन्ही जोर आल्याने पिन लवकर ढिली होते. नवी पिन बसवल्यावर ४०-५० किलोमीटरनी पुन्हा आवळा.

प्रश्न : सातारा शहरात रोज चालवायची आणि महिन्यातून एकदा यवतेश्वर चढून कासकडे जायचं आहे. ४६ × १६ घेतलंय. बरोबर आहे का? (एक वाचक, सातारा)

सपाटीसाठी बरोबर. यवतेश्वरसाठी जड. पुढचे ४६ दाते भागिले मागचे १६ म्हणजे २.८७५. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला तर एका फेऱ्यात सायकल सुमारे ६ मीटर जाते. मिनिटाला ९० फेऱ्यांना ताशी साडेबत्तीस किलोमीटर. घाटात ९० फेरे कोण मारतो? ४० वर याल आणि गुडघे बोलतील.

४२ × १८ करा. गुणोत्तर २.३३, एका फेऱ्यात ४.९ मीटर. त्याची किंमत उतारावर मोजावी लागते : ताशी ४० ला पाय मिनिटाला १३६ फेरे फिरतात, आणि ते थांबवता येत नाहीत. म्हणून फ्लिप-फ्लॉप हब असेल तर फिक्स्ड बाजूला १७ आणि फ्रीव्हील बाजूला १८ किंवा २० ठेवा. चढून वर गेलात की चाक उलटं करा आणि उतार फ्रीव्हीलवर, दोन्ही ब्रेक लावून उतरा. चाक उलटायला १५ चा पाना खिशात हवाच.

१६ आणि १७ मध्ये आणखी एक भेद आहे. मागचं चाक अडवून घसरवणाऱ्यांचा टायर ठरावीक जागीच झिजतो. गुणोत्तर संक्षिप्त केलं की खालचा आकडा तितक्या जागा सांगतो. ४८ × १६ म्हणजे ३/१, सगळी झीज एकाच जागी. ४६ × १७ ला १७ जागा. टायरचे पैसे कोण देतं त्यावर ठरवा.

प्रश्न : ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतो, मग रस्त्यावरही काढला तर? (एक वाचक, सातारा)

पुण्यात बालेवाडीच्या वेलोड्रोमसारख्या ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने धावतात, समोरून उसाची ट्रॉली येत नाही. रस्त्यावर पुढचा ब्रेक हवाच. चेन तुटली किंवा पडली तर पायांनी थांबवायचं साधन तिच्याबरोबरच गेलं. ट्रॅकच्या पुढच्या चिमट्याला ब्रेकचं भोक नसेल तर ते पाडत बसू नका, चिमटा बदला. आणि काळ्या सायकलीची जुनी रिम पुढे ठेवणार असाल तर एक लक्षात घ्या : तिचा दांड्याचा ब्रेक रिमला आतून लागतो, तिच्या बाजू गोलसर असतात. कॅलिपरचे रबर तिथे धरत नाहीत. ब्रेकबरोबर सपाट बाजूंची रिमही घ्यावी लागेल.