आधी नोट बघ

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तू पाठवलेला तक्ता काल रात्री दोनदा वाचला. दक्षिण सुदानमध्ये मोबाइलचे टॉवर उभारायचे आणि कंपन्यांना भाड्याने द्यायचे. खाली तू लिहिलंयस, "काका, आकडे चांगले दिसतात, पण झोप लागत नाही." साहेब हो म्हणतात आणि तुझं मन मागे ओढतं. झोप लागत नाही हे बरंच आहे. मला तेव्हा छान लागायची.

तुझ्या तक्त्यातला पहिला रकाना आहे 'शंभर माणसांमागे किती फोन'. आकडा लहान, म्हणून संधी मोठी. 2011 मध्ये मी याच देशात मोबाइलच्या धंद्यात उतरलो, तेव्हा माझाही पहिला रकाना हाच होता. महाराष्ट्राच्या दुप्पट मुलूख, 2008 च्या जनगणनेत ऐंशी लाखांच्या वर माणसं, आणि डांबरी रस्ता शोधावा लागे. 9 जुलैला देश सुदानपासून स्वतंत्र झाला. तोवर राजधानी जुबातले काही फोन सुदानच्या 249 या देश-क्रमांकावर चालायचे, तर जेमटेल कंपनीचे शेजारच्या युगांडाच्या 256 वर. आता देशाला स्वतःचा 211 मिळाला. 18 जुलैला नवा पौंड आला. नवा नकाशा, नवा नंबर, नवी नोट. मी पहिल्या दोन गोष्टींवर भाळलो आणि तिसरी खिशात घालून मोकळा झालो.

म्हणून सांगतो, आधी नोट बघ.

कमाई कुठल्या नोटेत येते आणि खर्च कुठल्या नोटेत जातो, हे दोन रकाने तुझ्या तक्त्यात नाहीतच. गिऱ्हाईक स्क्रॅच कार्ड घेतं ते पौंडांत. टॉवर मात्र डॉलर पितो. तिथे विजेची लाइन जवळपास नव्हतीच, त्यामुळे साइटवर रात्रंदिवस जनरेटर. ज्या देशाचं जवळजवळ सगळं सरकारी उत्पन्न कच्च्या तेलावर, तिथे डिझेल मात्र बाहेरून टँकरने यायचं. कच्चं तेल पाइपलाइनने उत्तरेला सुदानच्या बंदराकडे जायचं. सामान केनियातल्या मोंबासा बंदरात उतरायचं आणि युगांडातून सीमेवरच्या निमुलेमार्गे जुबाला पोचायचं. जगाशी जोडणी उपग्रहावरून, तिचं भाडं डॉलरमध्ये. युगांडातून जुबापर्यंत फायबर पोचायला 2020 उजाडलं. नाईलच्या काठची काळी माती तर आपल्या मराठवाड्यासारखीच, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. पाया खोल न्यावा लागतो, सिमेंट जास्त लागतं, आणि पाऊस लागला की महिनोन्महिने ट्रक जागचा हलत नाही. त्यामुळे डिझेल आधीच भरून ठेवायचं. म्हणजे डॉलर आधी आणि पौंड सवडीने.

जानेवारी 2012 मध्ये पाइपलाइनच्या भाड्यावरून सुदानशी बिनसलं आणि जुबा सरकारने तेलाचं उत्पादनच बंद केलं. ते एप्रिल 2013 मध्ये पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात बँकेत पौंड होते, पण ते देऊन डॉलर मिळत नव्हते. सरकारी दर एका डॉलरला तीन पौंडांच्या आसपास, बाजारात मात्र वेगळाच. आमच्या ताळेबंदात सरकारी दर लावला की नफा दिसायचा. डिसेंबर 2013 मध्ये लढाई पेटली, तरीही कागदावर नफाच. मग डिसेंबर 2015 मध्ये सरकारने दर मोकळा सोडला आणि 2.95 चा डॉलर एका दिवसात 18.5 च्या घरात गेला. आमच्याकडे साठलेले पौंड तेवढेच होते. त्यांचं मोल सहाव्या हिश्शावर आलं.

त्या पौंडांत माझ्या शब्दावर पुण्यातल्या दोघा मित्रांनी घातलेले पैसे होते. मी त्यांना ग्राहकांचा आलेख दाखवला होता. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, आणि तेच मला अजून सहन होत नाही.

तू म्हणशील, भाडं डॉलरशी बांधून घेऊ. बांध, जरूर बांध. पण करारात डॉलर लिहिले म्हणून भाडेकरूच्या गल्ल्यात डॉलर येत नाहीत. त्याचीही कमाई पौंडांतच आहे. पौंड घसरला की त्याला तुझं भाडं झेपणार नाही. मग तू काय करशील, टॉवर उपटून पुण्याला आणशील? दहा वर्षांचं उत्पन्न तू आजच्या दराने डॉलरमध्ये मांडलंयस. हे वाचून मला राग आला, खोटं कशाला सांगू. तुझ्यासारख्या मुलीने हे करावं?

इतर नवे देश बघ. एस्टोनियाने जून 1992 मध्ये स्वतःचा क्रून आणला आणि आठ क्रूनला एक जर्मन मार्क असा बांधून टाकला. त्याच सुमारास स्वीडन आणि फिनलंडच्या टेलिफोन कंपन्या तिथे भागीदार झाल्या. पूर्व तिमोर 2002 मध्ये स्वतंत्र झाला, तिथे चलन अमेरिकी डॉलरच. त्यामुळे नोटेची चिंता नाही, पण माणसं 2010 च्या सुमारास अकरा लाखांच्या आसपास. आधी दहा वर्षं एकच कंपनी होती. 2012 मध्ये बाजार खुला झाला आणि पुढच्या वर्षी इंडोनेशियाची आणि व्हिएतनामची अशा दोन कंपन्या आल्या. तेवढ्याच माणसांचे तीन वाटे झाले. तेव्हा नोट चांगली म्हणजे धंदा चांगला असं मी म्हणत नाही. पण नोट बघितल्याशिवाय बाकीचं बघूच नकोस. मोठ्यांनाही हे चुकत नाही. जून 2023 मध्ये नायजेरियाचा नायरा घसरला तेव्हा एअरटेल आफ्रिकेच्या ताळेबंदात काय झालं ते काढून वाच.

परवान्याचंही तू एका ओळीत उरकलंयस. मार्च 2018 मध्ये व्हिव्हासेल या मोबाइल कंपनीची सेवा जुबा सरकारने बंद केली. परवाना शुल्काचा वाद होता, मागणी सुमारे 6 कोटी 60 लाख डॉलरची. मागणीसुद्धा डॉलरमध्ये, बघितलंस? नव्या देशात जुन्या काळच्या सवलती टिकतील असं धरून चालू नकोस.

आता तुला वाटेल, काका जाऊ नको म्हणतायत. तसं नाही. मी पुन्हा जाईन. डिसेंबर 2013 मध्ये आम्हाला विमानाने बाहेर काढलं, तेव्हा एका साइटचा राखणदार तिथेच थांबला आणि पिंपात डिझेल होतं तोवर जनरेटर चालू ठेवला. त्या दिवसांत त्या टॉवरवरून माणसं आपापल्या घरच्यांना शोधत होती. माझ्या मित्रांचे पैसे बुडाले, पण टॉवर खोटा नव्हता. हे मी स्वतःला बजावतो की तुला सांगतो, ते माझं मलाही नीट कळत नाही. पण त्या कामाला मी चूक म्हणणार नाही. हिशोब चुकला होता.

म्हणून तक्ता फाडू नकोस, नव्याने मांड. प्रत्येक खर्चापुढे नोट लिही. सौर पॅनेल लावले तर डॉलर बहुतेक एकदाच जातात, डिझेल दर महिन्याला मागतं, ते दोन्ही शेजारी ठेव. पगार, राखण, जागेचं भाडं, जे पौंडांत देता येईल ते पौंडांतच दे, म्हणजे आलेले पौंड तिथेच खपतील. उरलेले बाहेर कसे काढणार, कुठली बँक, किती दिवसांत, हे साहेबांना लेखी विचार. आणि एक रकाना असा कर की डॉलर सहापट महागला आहे. त्या रकान्यात काय उरतं ते मला कळव.

मंगळवारी रात्री मी घरी आहे, फोन कर. जायचं ठरलंच तर पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घे, लस घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेव, आणि मलेरियाच्या गोळ्या इथूनच ने.

तुझा,
काका