मोठा बँकर असून खरंच दानधर्म केलेला कुणी अमेरिकन आहे का, की हे लोक सगळं नावासाठीच करतात?

आहे की. जॉर्ज पीबडी. कार्नेगी-रॉकफेलरच्या बराच आधीचा. नावाची हौस मात्र त्यालाही होती.

1795 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या गरीब घरात जन्म, शिक्षण जेमतेम, अकराव्या वर्षी दुकानात नोकरी. पुढे बाल्टिमोरला कापडाचा व्यापार केला आणि 1837 पासून लंडनमध्येच ठाण मांडलं. तिथे तो अमेरिकन राज्यांचे कर्जरोखे विकायचा. 1840च्या दशकात मेरीलँडसारख्या राज्यांनी व्याज थकवलं, तेव्हा लंडनमध्ये अमेरिकन रोख्यांना कुणी विचारेना. हा मात्र चिकटून राहिला, आणि पडत्या भावात घेतलेल्या रोख्यांवर पुढे बक्कळ कमावलं. 1854 मध्ये त्यानं ज्युनियस मॉर्गनला भागीदार केलं. आजच्या जेपी मॉर्गन या अमेरिकन बँकेचं मूळ त्या पेढीत आहे.

स्वतःवर खर्च करायचा म्हटलं की हात आखडता. पण 1862 मध्ये लंडनच्या गरिबांच्या घरांसाठी दीड लाख पौंड दिले, आणि हा आकडा शेवटी पाच लाखांवर गेला. पहिली इमारत 1864 मध्ये स्पिटलफील्ड्सला उभी राहिली. तिथले नियम आपल्या कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला लाजवतील असे: भाडं दर आठवड्याला आगाऊ, घरातल्या प्रत्येकाला देवीची लस टोचलेली हवी, कुत्रा पाळायचा नाही, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आता आगाऊ भाडं ज्याला परवडतं तो सगळ्यात गरीब कसा असेल? म्हणजे ज्यांना घराची खरी निकड होती ते बाहेरच राहिले. तरी या देणगीतून उभी राहिलेली संस्था आजही चालू आहे आणि तिची लाखाच्या वर घरं आहेत.

यादवी युद्धानंतर, 1867 मध्ये, त्यानं अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शिक्षणासाठी मोठा निधी दिला. गंमत म्हणजे त्यात मिसिसिपी राज्यानं बुडवलेले रोखेही होते. त्याहून खटकतं ते वेगळंच: गोरी-काळी मुलं एकत्र शिकतील अशा शाळांना तो निधी पैसे देत नसे. त्याचं कौतुक करणारे हे सहसा सांगत नाहीत.

राहिला नावाचा प्रश्न. संग्रहालयं, ग्रंथालयं, संगीतशाळा, सगळीकडे ‘पीबडी’. व्हिक्टोरिया राणीनं देऊ केलेला बॅरोनेट हा किताब त्यानं नाकारला, पण 1868 मध्ये त्याच्या जन्मगावानं आपलं नाव बदलून पीबडी केलं आणि 1869 मध्ये, तो हयात असतानाच, लंडनच्या रॉयल एक्स्चेंजपाशी त्याचा पुतळाही बसला. माझं म्हणाल, तर घरं उभी राहिली असतील तर पाटीवर कुणाचं का नाव असेना.