१.४ की २? आधी ते सहा मीटर मोजा

गोव्यातल्या साखळीहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: पक्ष्यांच्या फोटोंसाठी निकॉन डी७५०० कॅमेरा आणि २००-५०० मिमी एफ/५.६ लेन्स जवळ आहे. चोडणच्या खारफुटीत खंड्या आणि ऑस्प्रे (मासे मारणारा शिकारी पक्षी) लांब पडतात, मोलेच्या रानात धनेश लांब पडतात. ओळखीतल्या एकाकडे जुना २एक्स टेलिकन्व्हर्टर (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसून लेन्सची पोच दुप्पट करणारी जोडकाच) स्वस्तात मिळतोय. तो घ्यावा, की पैसे साठवून १.४ पट वाढवणारा घ्यावा?

२एक्स घेऊ नका, फुकट मिळाला तरी. १.४ घ्या, पण मोलेसाठी नको.

२एक्सचं आधी संपवतो. तो लावला की तुमची लेन्स १००० मिमी एफ/११ होते (एफचा आकडा जितका मोठा तितकं प्रकाशाचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, लहान). डी७५०० मध्ये ५१ फोकस पॉइंट आहेत, पण एफ/८ वर त्यातला फक्त मधला एक चालतो आणि एफ/११ साठी एकही नाही. तुमच्यासारख्या आरशाच्या कॅमेऱ्यात फोकसचे सेन्सर तळाशी बसवलेले असतात आणि त्यांना लेन्सच्या कडेकडून येणारा प्रकाश लागतो. अ‍ॅपर्चर लहान झालं की तो प्रकाश त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. मी ही शाळा पैसे मोजून शिकलोय. काही वर्षांपूर्वी मीही एफ/५.६ च्या लेन्सवर जुना २एक्स लावून होडीत बसलो होतो. ऑस्प्रे समोरच पाण्यावर झेपावला, मासा घेऊन वर आला, अंग झटकलं आणि गेला. तेवढ्या वेळात माझी लेन्स पुढेमागे घूं घूं करत राहिली. घरी येऊन पाहिलं तर चौतीस फोटोंत एक करडा ठिपका. होडीवाल्याने मोबाईलवर काढलेला फोटो बरा होता, हे अजून ऐकून घ्यावं लागतं.

आता १.४. इथे जाहिरातीपेक्षा हिशेब करून बघावा. छोटा खंड्या साधारण १६ सेंमी लांब. तो २० मीटरवर मानशीच्या (खाजणात पाणी अडवणाऱ्या दाराच्या) लाकडावर बसलाय आणि तुम्ही ५०० मिमीवर आहात, तर सेन्सरवर त्याची प्रतिमा ४ मिमीची पडते, म्हणजे जवळपास ९५० पिक्सेल. कन्व्हर्टर लावून ७०० मिमी केलंत की ५.६ मिमी, म्हणजे १३०० च्या थोडं वर. आणि कन्व्हर्टर न लावता २० मीटरवरून १४ मीटरवर गेलात तर? नेमकं तेवढंच. तुम्ही विकत घेताय ते हे सहा मीटर. म्हणून मी प्रत्येक जागेसाठी एकच विचारतो: ते सहा मीटर मला चालून जाता येतात का?

चोडणला येत नाहीत. रायबंदरहून फेरीबोटीने उतरलं की डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य जवळच, पावणेदोन चौरस किलोमीटरचं, आणि आत सगळा खारफुटीचा चिखल. होडीवाला भरती-ओहोटी बघून जिथवर नेईल तिथवरच. पक्षी बसलाय त्या बाजूला पाय टाकलात तर गुडघ्यापर्यंत आत. कुंभारजुव्याच्या कालव्यात काठावर मगर ऊन खात पडलेली असते, तिथे तर सहा मीटर पुढे जायची कुणाला हौसही नसते. करमळीच्या तळ्यावर अडई आणि जांभळ्या पाणकोंबड्या मध्यावर असतात. या सगळ्या ठिकाणी आकाश उघडं, ऊन भरपूर, आयएसओ (सेन्सरची संवेदना; वाढवली की फोटोत दाणे येतात) ४००-८०० मध्ये काम होतं. १.४ चं घर हेच.

मोले, तांबडी सुर्ला, बोंडला या रानांत गोष्ट वेगळी. सकाळी आठ वाजता तांबडी सुर्लाच्या रानात झाडोऱ्याखाली मला एफ/५.६ वर १/१२५ सेकंदाच्या शटरसाठी आयएसओ ३२०० लागतो. कन्व्हर्टर लावला की एफ/८, म्हणजे आयएसओ ६४००. वर ७०० मिमीला हात जास्त हलतो, म्हणून शटरचा वेग दुप्पट करायला हवा, म्हणजे आयएसओ १२८००. आणि त्या अंधारात तो एकटा मधला पॉइंट फांदीच्या काळ्या बाजूवर काही पकडत नाही. मलबार ट्रोगन दहा मिनिटं एका फांदीवर बसतो, पण तुमचा फोकस दहा मिनिटं बसत नाही. रानात ते सहा मीटर कन्व्हर्टरने नव्हे, थांबून मिळवायचे. फळावर आलेलं वडाचं किंवा पिंपळाचं झाड शोधा, सकाळी उजाडायच्या आत खाली बसा, धनेश स्वतःच येतात. पावसाळ्यातल्या तिबोटी खंड्याच्या बिळाजवळ मात्र सहा मीटरही पुढे सरकू नका आणि कन्व्हर्टर आहे म्हणून तिथे मुक्कामही ठोकू नका.

‘कन्व्हर्टरने प्रकाश अर्धा होतो’ असं सगळे म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. ५०० भागिले ५.६ केलं तर साधारण ८९ मिमी येतं, ७०० भागिले ८ केलं तर साडेसत्याऐंशी. म्हणजे पक्ष्याकडून येणारा प्रकाश गोळा करणारं भोक तेच आहे, तोच प्रकाश जास्त जागेवर पसरलाय. त्यामुळे बिनकन्व्हर्टरचा फोटो तेवढाच कापून शेजारी ठेवलात तर दाणे जवळपास सारखेच दिसतील. फायदा फक्त पिक्सेलचा, आणि तोही लेन्समध्ये तेवढी धार शिल्लक असेल तरच. डी७५०० चे २०.९ मेगापिक्सेल छोट्या सेन्सरवर दाटीने बसलेत (फुलफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, भाषेत ४७ मेगापिक्सेलची दाटी), म्हणून तुम्हाला फायदा होईल, पण २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेमवाल्याला होतो तेवढा नाही. दुकानात हे कुणी सांगत नाही.

एक उपयोग मात्र फारसा कुणी लक्षात घेत नाही. कन्व्हर्टरने लेन्सचं फोकसचं किमान अंतर बदलत नाही. तुमच्या लेन्सचं ते २.२ मीटर आहे, तेच राहतं आणि आकार १.४ पट होतो. करमळीच्या काठावर गवताच्या पात्यावर बसलेले चतुर, भर दुपारच्या उन्हात. माझा कन्व्हर्टर पक्ष्यांपेक्षा चतुरांसाठीच जास्त बाहेर येतो, खोटं कशाला बोला. पण त्याच दुपारी त्याच तळ्यावर दूरच्या बदकांचा फोटो काढू नका. अकरानंतर पाण्यावरची हवा थरथरते आणि कन्व्हर्टर ती थरथरही १.४ पट करून देतो.

घ्यायचा तर निकॉनचाच टीसी-१४ई थ्री घ्या. वजन २०० ग्रॅमच्या आत, खिशात मावतो. या लेन्सचं डायफ्रॅम (भोक लहान-मोठं करणाऱ्या पात्या) विजेवर चालतं, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा जुना कन्व्हर्टर असेल तर एफ/११ ठेवून भोक खरंच लहान होतं का, ते समोर बघून मगच पैसे द्या. जुना घेताना मोबाईलचा टॉर्च एका बाजूने तिरका मारा. आपल्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या काचेत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. मागेपुढे दोन्ही जोडांत खुळखुळ आहे का, तेही बघा. घरी आणल्यावर फोकसची फाइनट्यून (कॅमेऱ्यातली बारीक दुरुस्ती) नव्याने करा, एकट्या लेन्सचा आकडा जोडीला जुळेलच असं नाही. मी एफ/९ वर ठेवतो, शटर १/१००० च्या खाली शक्यतो नेत नाही. आणि होडीत जोडकाम नको. जेटीवरच लावून बसायचं. माझं एक मागचं झाकण मांडवी नदीत आहे.

पुढेमागे निकॉनचा झेड मालिकेतला मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा घ्यायचा विचार असेल तर हा पैसा वाया जात नाही. जुन्या लेन्स झेडवर बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरवर हीच लेन्स हाच कन्व्हर्टर घेऊन चालते आणि एकाच पॉइंटचा जाचही जातो. झेडचा कन्व्हर्टर मात्र आपल्या जुन्या लेन्सवर बसत नाही, ‘नंतर कामाला येईल’ म्हणून तो आत्ता घेऊ नका.

रविवारी सकाळी सातच्या सुमाराला मी करमळीला, स्टेशनच्या बाजूच्या बांधावर असतो. तुमची लेन्स घेऊन या, माझा १.४ लावा, त्याच पाणकोंबडीचे वीस फोटो लावून आणि वीस न लावता काढा. कार्ड घरी न्या, दोन्ही मोठे करून बघा आणि मग पैसे काढा.