पहिला इराणी नान घरी करताय? बरबरीपासून सुरुवात करा

संगक हा दुसरा इराणी नान आत्ता नको. तो तापलेल्या खड्यांवर भाजतात, घरच्या ओव्हनमध्ये ते जमवणं नंतरचं काम. बरबरी मात्र नवख्यालाही जमतो.

५०० ग्रॅम मैदा, ३५० मिली कोमट पाणी, छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, दोन छोटे चमचे मीठ. पीठ हाताला चिकटेल. चिकटू द्या! वरून मैदा टाकत राहणं ही सगळ्यांची पहिली चूक. नान तिथेच दडस होतो. हात ओला करा, पीठ दुप्पट फुगेपर्यंत झाकून ठेवा. घड्याळ बघू नका, पीठ बघा.

लाटणं अजिबात नको, सगळी हवा जाते. बोटांनी लांबट पसरवा आणि लांबीच्या दिशेने खोल चर पाडा. वरवरचे चर भाजताना बुजतात.

खरी गंमत ‘रूमाल’मध्ये आहे: चमचाभर मैदा, चिमूटभर खायचा सोडा, अर्धी वाटी पाणी एकत्र शिजवून केलेली पातळ खळ. गार करून वर चोपडा, तीळ किंवा कलौंजी भुरभुरा. ती चकचकीत, खुसखुशीत साल यानेच येते.

ओव्हन २३० अंशांवर, आतल्या ट्रेसकट निदान अर्धा तास तापवा. इथे घाई केलीत तर नान पांढराफटक राहील. गरमच खा, इराणात न्याहारीला पांढरं चीज आणि चहा असतो सोबत.