टेबलावरची झेलम

प्रश्न : गेल्या रविवारी आम्ही तिघा भावंडांनी जेवणाच्या टेबलावर निळी ओढणी नदी म्हणून पसरून, १५ मिलिमीटरच्या मापाच्या रंगवलेल्या सैनिकांनी दिवसभर झेलमची लढाई खेळली. पोरसाचे हत्ती मध्यभागी असूनही तीनही डाव सिकंदरानेच जिंकले. चूक कोठे झाली?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : चूक हत्तींची नसून सैन्याच्या डाव्या-उजव्या कडांची असावी. इ.स.पू. ३२६ मध्येही काहीसे असेच घडले. ग्रीक इतिहासकार एरियनच्या वृत्तांतानुसार, आपला सेनानी क्रेटेरस याला छावणीत ठेवून सिकंदराने पावसाळी रात्री वरच्या अंगाने नदी ओलांडली, पोरसाच्या घोडदळाला दोन्हीकडून कोंडीत पकडले, आणि दाटीत सापडलेले जखमी हत्ती मग आपल्याच पायदळाला तुडवू लागले. तेव्हा पुढच्या डावात घोडदळ कडेला एकवटून ठेवावे आणि हत्तींच्या मागे एका हत्तीच्या पायाखालच्या पट्टीइतकी जागा मोकळी सोडावी, म्हणजे फासा उलटा पडून हत्ती मागे फिरला तरी स्वतःचे धनुर्धारी चिरडले जाणार नाहीत. रथांवर मात्र फारशी भिस्त नको. पोरसाच्या मुलाचे रथ चिखलातच रुतले होते. ओढणीचा काठ दोन बोटे पुढे सरकवून तेवढा पट्टा चिखलाचा धरल्यास डाव अधिक खरा वाटेल, पण तो नियम सैन्ये मांडण्यापूर्वीच ठरवून घ्यावा.